सँक्शन झालं म्हणजे पेढे वाटायचे की डोक्याला हात लावायचा?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसतो, बँकेच्या परीक्षेची तयारी चाललीय. माझा घोळ एकाच शब्दावर झालाय, सँक्शन. मध्ये पप्पांचं घराचं लोन सँक्शन झालं, बँकेचं लेटर आलं, घरात सगळे खूश. आणि त्याच आठवड्यात प्रॅक्टिस पेपरमध्ये उतारा आला की अमेरिकेने रशियाच्या बँका सँक्शन केल्या, खाली प्रश्न, याचा अर्थ काय. मी 'मंजुरी दिली' वर टिक मारली आणि मार्क गेले. डिक्शनरी उघडली तर दोन्ही अर्थ एकाखाली एक, मंजुरी पण आणि शिक्षा पण. असं कसं काय ओ? आणि परीक्षेत ओळखायचं कसं?
- एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : डिक्शनरी बरोबर आहे आणि तुमच्या पप्पांचं लोनही बरोबर आहे, काळजी नको. सँक्शनला खरंच दोन उलटे अर्थ आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. आपल्याकडे मात्र पहिलाच अर्थ कानावर पडतो, कारण आपला या शब्दाशी संबंध येतो तो बँक, महापालिका आणि सरकारी ऑफिसात. रजा सँक्शन, प्लॅन सँक्शन, लोन सँक्शन, पोस्ट सँक्शन. घरातलं लाइटबिल काढून बघा, त्यावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो आणि पुढे किलोवॅटमध्ये आकडा, तेच इंग्रजीत सँक्शन्ड लोड. म्हणजे एवढी वीज वापरायची तुम्हाला अधिकृत परवानगी आहे. जिल्हा परिषदेच्या बातमीत 'मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी' असं येतं ना, ती मंजूर पदं म्हणजे सँक्शन्ड पोस्ट्स. रस्त्याच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता आणि मग तांत्रिक मंजुरी लागते, त्यातली दुसरी म्हणजे टेक्निकल सँक्शन, आणि ती मिळेपर्यंत खड्डे आहेत तिथंच.

आता ओळखायचं कसं ते आधी सांगते, कारण परीक्षा तोंडावर असेल. वाक्यात सँक्शन हे क्रियापद असेल तर ते कुणाला किंवा कशाला लागलंय ते बघा. वस्तू, काम, रक्कम, योजना, रजा, बांधकाम असलं काही असेल तर मंजुरी. माणूस, कंपनी, बँक, देश असेल तर कारवाई. 'द बँक सँक्शन्ड द लोन' यात सँक्शन झालं ते लोन, म्हणून मंजुरी. 'द यूएस सँक्शन्ड द बँक' यात सँक्शन झाली ती बँकच, म्हणून बँकेची मान अडकली. तुमच्या उताऱ्यात रशियाच्या बँका होत्या, तिथेच उत्तर होतं. लोन देणारी बँक वेगळी आणि जिच्यावर कारवाई झाली ती बँक वेगळी, दोन्हीकडे बँक हा शब्द दिसला म्हणून गडबड झाली.

नाम म्हणून आला तर अजून सोपं. शेवटी 'स' लागून सँक्शन्स असं अनेकवचन असेल आणि पुढे ऑन किंवा अगेन्स्ट असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा ते निर्बंध. सँक्शन्स ऑन इराण, सँक्शन्स अगेन्स्ट रशिया. आणि एकवचनी सँक्शन असेल, सोबत गिव्ह, ग्रँट, ऑब्टेन किंवा सरकारी इंग्रजीतलं लाडकं अकॉर्ड असेल तर मंजुरी. पेपरात 'अमुक अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास सरकारची परवानगी' अशी बातमी येते ती याच जातीची, सँक्शन फॉर प्रॉसिक्यूशन, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १९७, आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८. इथं बघा गंमत, शेवट शिक्षेकडे जाणारा आहे पण शब्द मंजुरीच्याच अर्थाने आलाय, म्हणून नुसता विषय बघून टिक मारू नका, जोडीचे शब्द बघा.

या नियमाला अपवाद आहेत. सँक्शन्ड ऑइल असं बातमीत आलं तर तेल ही वस्तू असूनही ते निर्बंधाखालचं तेल, कारण तिथे मुळात देशावर कारवाई झालेली असते आणि ती त्याच्या तेलाला चिकटते. आणि स्टेट-सँक्शन्ड असं जोडून आलं तर 'सरकारच्या संमतीने चाललेलं', हे बहुतेक वेळा नाराजीने लिहिलेलं असतं, स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स वगैरे.

आता असं का झालं. शब्दाचं मूळ लॅटिन आहे, सॅन्किरे, म्हणजे एखादी गोष्ट पवित्र ठरवून पक्की करणं. सेंट, सँक्टिटी, सँक्च्युअरी ही सगळी याच घरातली भावंडं. आपलं दाजीपूर आठवा, राधानगरीचं गव्यांचं अभयारण्य, १९५८ साली जाहीर झालेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. सँक्च्युअरी हा शब्द आधी देवळा-चर्चमधल्या पवित्र जागेचा, तिथं शिरलेल्या माणसाला हात लावायचा नाही अशी रीत होती, त्यावरून मग प्राण्यांना कुणी हात लावायचा नाही ती जागा. तर रोमन कायद्यात सॅन्क्शिओ म्हणून कायद्याचा एक भाग असायचा, हा कायदा मोडला तर काय भोगावं लागेल ते त्यात लिहिलेलं असायचं. म्हणजे कायदा पक्का करणारी ओळ आणि शिक्षा सांगणारी ओळ एकच. पुढे इंग्रजीत आल्यावर एका फाट्याने 'पक्कं करणं' उचललं, त्याची मंजुरी झाली, दुसऱ्या फाट्याने 'भोगावं लागेल' उचललं, त्याचे निर्बंध झाले. हे एकदा कळलं की दोन अर्थ वेगवेगळे पाठ करत बसावं लागत नाही.

राजेराजवाड्यांच्या काळात या मंजुरीवर गाद्या राहायच्या किंवा जायच्या. युरोपात १७१३ साली ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सने मुलीलाही वारसा मिळावा म्हणून हुकूम काढला, त्याचं नावच प्रॅग्मॅटिक सँक्शन, आणि त्याच्या जोरावर मारिया थेरेसा गादीवर आली. आपल्याकडे दत्तकाचं तसंच. साताऱ्याला १८४८ मध्ये महाराज वारले, दत्तक घेतला होता, पण इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने तो मानला नाही आणि राज्य खालसा. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लोरेन्सला वारले, मुलगा नव्हता, पण तोवर इंग्रजांचं धोरण बदललं होतं, दत्तक झाला आणि गादी टिकली. त्यानंतर कागलच्या घाटगे घराण्यातून १७ मार्च १८८४ ला जे दत्तक आले ते आपले शाहू महाराज. तिकडे मंजुरी नाही म्हणून राज्य गेलं आणि इकडे ती मिळाली म्हणून राहिलं, त्यामुळे सँक्शन म्हणजे साधं 'हो' नव्हे. ज्याच्या हातात नाही म्हणायचीही ताकद आहे त्याने दिलेलं हो.

म्हणूनच 'माय मदर सँक्शन्ड मी टू गो टू पन्हाळा' असं लिहू नका, हसतील. आई परमिशन देते, किंवा साधं लेट्स मी गो. सँक्शनला खुर्ची लागते, शिक्का लागतो. आणि वरच्या नियमाने बघितलं तर त्या वाक्याचा अर्थ आईने शिक्षा म्हणून पन्हाळ्याला पाठवलं असा व्हायला लागतो. (काही पोरांना सकाळी सहाला चढ चढायचा म्हणजे शिक्षाच, ते सोडा.)

देशांवरच्या निर्बंधांचा अर्थ पहिल्या महायुद्धानंतर, लीग ऑफ नेशन्सच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या देशांच्या संघटनेच्या काळात रुळला. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला तेव्हा लीगने इटलीवर सँक्शन्स लावली, पण तेल त्यातून वगळलं, मग काय उपयोग, १९३६ ला ती उठवावी लागली. भारताने १९४६ सालीच, स्वातंत्र्याच्या आधी, वर्णद्वेषावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. आणि मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या केल्यावर आपल्यावरच अमेरिकेने निर्बंध लावले, ते बरेचसे सप्टेंबर २००१ मध्ये उठले. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी ही उदाहरणं लक्षात ठेवा, इंग्रजीला पण कामी येतात आणि जनरल स्टडीजला पण.

तिसरा एक अर्थ आहे तो उताऱ्यात हमखास फसवतो, मॉरल सँक्शन, सोशल सँक्शन. इथं मंजुरी की शिक्षा असं बघायचं नसतं, माणूस नियम पाळतो त्यामागचा जो धाक किंवा आधार असतो तो. लोक काय म्हणतील म्हणून आपण जे करत नाही ते सोशल सँक्शनमुळे. कोल्हापुरात गल्लीतल्या काकू पुरेशा असतात त्याला.

आणि पप्पांना एक सांगा, सँक्शन लेटर आलं म्हणजे पैसे आले नाहीत. पैसे हातात पडतात त्याला डिसबर्समेंट म्हणतात, आपल्या भाषेत कर्जाची उचल. त्या लेटरवर मुदत असते आणि अटी असतात, कागद पूर्ण नसले तर मंजूर झालेलं कर्ज तसंच पडून राहतं. इंग्रजीतून अर्ज लिहिताना 'द लोन हॅज बीन सँक्शन्ड बट नॉट येट डिसबर्स्ड' असं लिहिलं तर मॅनेजरला एका वाक्यात कळेल.

प्रश्न : मॅडम, आमचं गोकुळ शिरगावला फाउंड्रीचं युनिट आहे, कास्टिंग बाहेर पाठवतो. परवा परदेशातल्या नव्या गिऱ्हाइकाचा मेल आला, त्यात विचारलं होतं की तुम्ही किंवा तुमचे डायरेक्टर सँक्शन्ड पार्टी आहात का. आमच्या ऑफिसातल्या पोराने अभिमानाने उत्तर टाईप केलं, येस, वी आर सँक्शन्ड बाय गव्हर्नमेंट ऑफ इंडिया, सोबत फॅक्टरीचं लायसन्स जोडायला निघाला होता. मी म्हटलं थांब, काहीतरी वेगळं वाटतंय. बरोबर थांबवलं का?
- एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : लई बरोबर थांबवलं! तो मेल गेला असता तर ऑर्डर तर गेलीच असती, वर त्या गिऱ्हाइकाच्या कंप्लायन्स डिपार्टमेंटला झोप लागली नसती. सँक्शन्ड पार्टी म्हणजे ज्याच्यावर निर्बंध आहेत, ज्याच्याशी व्यवहार करायला बंदी आहे असा माणूस किंवा कंपनी. अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक नावाचं कार्यालय अशी यादी ठेवतं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची वेगळी असते, युरोपियन युनियनची वेगळी, आणि मोठे खरेदीदार नवा सप्लायर घेताना नाव त्या याद्यांत आहे का ते तपासून घेतात. त्याला स्क्रीनिंग म्हणतात. मालक कोण आहेत ते पण विचारतात, कारण अमेरिकेच्या नियमात यादीतल्या लोकांची मिळून निम्मी किंवा जास्त मालकी असलेली कंपनी आपोआप त्याच बंदीत येते, मग तिचं नाव यादीत असो नसो. त्यामुळे डायरेक्टरांची नावं मागितली म्हणून रागावू नका, संशय तुमच्यावर नाही, ती त्यांची रीत आहे.

उत्तर असं द्या: 'नायदर द कंपनी नॉर एनी ऑफ इट्स डायरेक्टर्स ऑर ओनर्स इज सब्जेक्ट टू एनी सँक्शन्स'. सब्जेक्ट टू हे जोडलं की दुसरा अर्थ निघायला जागाच राहत नाही. आणि लायसन्सबद्दल सांगायचं असेल तर लायसन्स्ड, रजिस्टर्ड किंवा अप्रूव्ह्ड लिहा, परदेशी पत्रात माणसाला किंवा कंपनीला सँक्शन्ड हे विशेषण चांगल्या अर्थाने लावूच नका. आपल्या इंग्रजी पेपरात 'ही वॉज सँक्शन्ड अ लोन' असं सर्रास छापतात, इथं चालतं, सगळ्यांना कळतं, पण ब्रिटनमधला माणूस 'सँक्शन्ड' पर्यंत वाचून अडखळेल. तिकडे एखादा म्हणाला की 'आय हॅव बीन सँक्शन्ड' तर त्याचा अर्थ सरकारी भत्ता कापला गेला, कारण ठरलेल्या अटी पाळल्या नाहीत. आपल्याकडे तेच वाक्य ऐकून शेजारी पेढे मागतील.

त्या पोराला ओरडू नका, त्याने शाळेत शिकला तोच अर्थ वापरलाय. फक्त परदेशी मेलची उत्तरं पाठवायच्या आधी एकदा दाखवायला सांगा.

प्रश्न : फुटबॉलमध्ये हा शब्द कसा वापरतात? माझा भाऊ पेठेच्या टीममधून खेळतो, तो म्हणतो टुर्नामेंट सँक्शन्ड आहे आणि प्लेयर पण सँक्शन्ड आहे, दोन्ही एकाच श्वासात.
- एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : तुमच्या भावाचं इंग्रजी झकास आहे. टुर्नामेंट सँक्शन्ड म्हणजे असोसिएशनने मान्यता दिलेली, आणि प्लेयर सँक्शन्ड म्हणजे त्याच्यावर कारवाई झालेली, रेड कार्ड, मॅच बंदी, दंड यातलं काहीतरी. मघाचाच नियम, स्पर्धा ही गोष्ट आणि प्लेयर हा माणूस. खासबागेत एखादी कुस्ती संघटनेच्या परवानगीशिवाय लावली तर ती अनसँक्शन्ड, हा शब्द मात्र बहुतेक वेळा मान्यता नसलेलं याच अर्थाने येतो, बंदी नसलेलं अशा अर्थाने क्वचितच, हे एक सोपंय. फिफाच्या नियमावलीत सँक्शन्स म्हणजे शिक्षांची यादी, ताकीद इथपासून निलंबनापर्यंत. ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं, दीड आठवड्यात उठवलं म्हणून ऑक्टोबरमधला मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे होऊ शकला. शिवाजी पेठेत हे सांगायची गरज नाही म्हणा, तिथं फुटबॉलचं सगळ्यांना पाठ असतं.

प्रश्न : असे उलट अर्थाचे इंग्रजी शब्द अजून आहेत का? मुलीला दहावीला विचारलेत.
- एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आहेत की. ओव्हरसाइट घ्या. 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीने, आणि 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे देखरेख समिती, जिचं कामच नजर ठेवणं. अनवधानाने चूक झाली तर ॲन लावून एकेक मोजता येते, देखरेख मोजत नाहीत. डस्ट हे क्रियापद, फर्निचर डस्ट केलं म्हणजे धूळ काढली, आणि केकवर साखर डस्ट केली म्हणजे भुरभुरवली. रेंट तर दोघांनाही लागू, घरमालक पण रेंट करतो आणि भाडेकरू पण, देणारा की घेणारा ते पुढच्या आउट, टू, फ्रॉम वरून कळतं. टेबल हे क्रियापद ब्रिटिश इंग्रजीत प्रस्ताव चर्चेला मांडणं आणि अमेरिकन इंग्रजीत चर्चा बाजूला ठेवणं, आपण ब्रिटिश धरतो, लोकसभेत कागदपत्रं टेबल होतात ती मांडली जातात म्हणून. दहावीला एवढं पुरे.

प्रश्न : मुलगा रोज दहा नवे शब्द अर्थासकट पाठ करतो, वही भरलीय, पण पेपर वाचायला दिला की अडतो. काय करावं?
- एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दहा कमी करा, तीन ठेवा. माझं तरी स्पष्ट मत आहे की शब्द बरोबर एक मराठी अर्थ लिहिलेली वही परीक्षेच्या आदल्या दिवशी धीर द्यायला बरी, वाचायला शिकवायला नाही. सँक्शन बरोबर मंजुरी असं ज्याने लिहून ठेवलं तो राजारामपुरीत अडला ते तुम्ही वर वाचलंच असेल. वहीत शब्दाच्या पुढे अर्थ नको, वाक्य लिहायला सांगा, तेही पेपरातलं जसंच्या तसं, स्वतः बनवलेलं नको, आणि त्या वाक्यात शब्दाच्या आधी काय आणि नंतर काय आलंय त्याला रेघ मारायची. सँक्शन्सला इम्पोज, लिफ्ट, ईझ, इव्हेड ही क्रियापदं लागतात, एका वाक्यात पाच शब्द आले. डिक्शनरी घ्यायची तर शिकणाऱ्यांसाठी काढलेली इंग्रजी ते इंग्रजी घ्या, तिच्यात मोजता येणारं नाम, न येणारं नाम अशा खुणा असतात आणि त्या खुणांतच निम्मं उत्तर असतं, सँक्शनचंच बघा की. इंग्रजी ते मराठी पण जवळ असू दे, झटकन बघायला. मोबाइलवर शब्द दाबला की अर्थ येतो तो पहिला अर्थ असतो, खाली सरकवायला शिकवा त्याला.

प्रश्न : सँक्शनचा विरुद्धार्थी शब्द काय लिहायचा? पर्यायात प्रोहिबिट पण होतं आणि अप्रूव्ह पण.
- एक वाचक, कागल

उत्तर : शब्द नुसता दिला असेल, वाक्य नसेल, तर पेपर काढणाऱ्याने मंजुरीचाच अर्थ धरलेला असतो, प्रोहिबिट लिहा. वाक्यात देश किंवा कंपनी असेल तर मात्र अप्रूव्ह टिक करू नका लगेच, निर्बंधाच्या उलट निर्बंध उठवणं असतं, म्हणून पर्यायात एक्झेम्प्ट किंवा रिलीफ सारखं काही आहे का ते आधी शोधा.